बदामांची वाटी धावण्याआधी की धावून आल्यावर?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. दांडिया बाजारात राहते, शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीपासून कमाटीबागेत धावायला जाते. आठवड्यातले चार दिवस पाच-सहा किलोमीटर, रविवारी थोडं जास्त. येत्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन धावायचा विचार आहे. माझे सासरे, नाना, तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. माझं धावणं सुरू झाल्यापासून ते रोज रात्री बदाम भिजत घालतात आणि पहाटे साडेपाचला स्वतः सोलून वीस बदाम, दोन अक्रोड आणि वर चमचाभर तूप अशी वाटी माझ्यापुढे ठेवतात. रिकाम्या पोटी मेहनत करायची नाही, असं त्यांचं म्हणणं. सहाला मी धावायला लागते आणि पहिल्या फेरीतच पोट जड होतं. आंबट ढेकर येतात, कधी छातीत जळजळतं, कधी बरगडीखाली कळ येते. जिमला जाणारा माझा भाचा म्हणतो, व्यायामाआधी ड्रायफ्रूटइतकी एनर्जी कशातच नाही, मावशी तुझं पचनच बिघडलंय. मैत्रीण म्हणते, उपाशी धाव, चरबी जळेल. मी कोणाचं ऐकू? बदाम सोलून खावेत की सालासकट? आणि नानांना नको कसं म्हणू? ते फार मनाला लावून घेतात.
एक धावणारी सून, वडोदरा

उत्तर :

ताई,

बदामांकडे येतेच, पण पत्रातल्या एका ओळीपाशी आधी थांबते. ‘कधी छातीत जळजळतं’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आंबट ढेकरांच्या जोडीनं येतेय म्हणजे ही जळजळ बहुतेक पित्ताचीच असणार. तरी चार दिवस नीट लक्ष ठेवा. धावायला लागलं की सुरू होते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत ओसरते का? पोटात काही नसतानाही होते का? जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे सरकते का? सोबत नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, गार घाम फुटतो असं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर धावणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ईसीजी आणि त्यांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हृदयाचं दुखणं बायका पुष्कळदा ॲसिडिटी समजून अंगावर काढतात. खरं तर चाळिशीनंतर लांब पल्ल्याचं धावणं मनात असेल, तर तक्रार असो वा नसो, रक्तदाब, साखर आणि ईसीजी एकदा बघून घ्यावं असं मी सगळ्यांनाच सांगते. शूज घेण्याआधी हे करावं.

आता वाटी. तुमच्या भाच्याचं निम्मं म्हणणं खरं आहे. बदाम-अक्रोडात ऊर्जा भरपूर असते. शंभर ग्रॅम बदामात साधारण ५८० कॅलरी, अक्रोडात साडेसहाशेच्या आसपास, काजू-पिस्त्यातही साडेपाचशेच्या वर. पण ती येते कशातून? बदामाचं निम्मं वजन तेलाचं असतं, अक्रोडाचं तर जवळजवळ दोन-तृतीयांश. नानांच्या वाटीचा हिशेब मी मांडून पाहिला. वीस बदाम म्हणजे चोवीसेक ग्रॅम, दोन अक्रोडांचा गर आठ-दहा ग्रॅम, तूप पाच ग्रॅम धरलं. सगळ्या मिळून २४० कॅलरींच्या आसपास भरतात आणि त्यातल्या दोनशे एकट्या स्निग्धांशाच्या आहेत. प्रथिनं सहा-साडेसहा ग्रॅम. आणि धावणाऱ्या पायांना जे ताबडतोब लागतं ते कर्बोदक, तंतूंचा भाग वगळला तर जेमतेम तीन ग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या केळ्यात ते पंचवीसेक ग्रॅम असतं.

स्नायू चरबीही जाळतात आणि साखरही. रमतगमत चालताना चरबीचा वाटा मोठा असतो. वेग वाढून बोलता बोलता धाप लागायला लागली की साखरेचा वाटा वाढत जातो, कारण चरबीतून तितक्याच ऊर्जेसाठी प्राणवायू जास्त लागतो आणि ती निघतेही सावकाश. आणि चरबीच वापरायची म्हटलं तरी ती पहाटे वाटीतून घ्यायची गरज कोणालाच नसते. सडपातळ बाईच्या अंगावरही कित्येक किलो चरबी साठलेली असते, हजारो कॅलरींची. त्यात वाटीतले वीस-बावीस ग्रॅम ते काय! शिवाय हे तेल पोटातून आतड्यात उतरून, तिथे पचून, लसिकावाहिन्यांच्या आडवाटेनं रक्तात यायला काही तास जातात. साडेपाचला खाल्लेला बदाम तुम्ही वर्गात फळ्यासमोर उभ्या असता तेव्हा कुठे कामाला येतो.

तोवर तो असतो पोटात, आणि तुमची खरी तक्रार तिथलीच आहे. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचू लागले की आतडं जठराला ‘सावकाश’ असा निरोप धाडतं, त्यासाठीची संप्रेरकं ठरलेली आहेत. तंतूंमुळे हा वेग आणखी मंदावतो. एरवी हा गुणच आहे. बदाम खाल्ले की बराच वेळ भूक लागत नाही ती यामुळेच. पण अर्ध्या तासात तुम्ही धावायला लागता. धावताना शरीर रक्त पायांकडे वळवतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि जठरातला ऐवज तिथेच हिंदकळत राहतो. तेलकट खाण्यानं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडपही थोडी सैल पडते, म्हणून आंबट पाणी वर येतं. बरगडीखालची कळसुद्धा खाऊन-पिऊन लगेच धावणाऱ्यांना जास्त येते. तेव्हा भाच्याला सांगा, मावशीचं पचन ठणठणीत आहे. जसं वागायला हवं तसंच ते वागतंय.

भाच्याचा गोंधळ कुठे होतो तेही सांगते, कारण तो फार जणांचा होतो. मांडवीतल्या दुकानात बदाम, काजू, मनुका, खजूर, अंजीर सगळं एकाच फळीवर मांडलेलं असतं आणि जिमच्या डब्यातही सगळं एकत्रच येतं. पण मनुकांच्या वजनातला साधारण दोन-तृतीयांश भाग साखरेचा, खजुराचंही साधारण तेच. त्यांनी लगेच तरतरी येते. मूठभर मिश्रण खाऊन हुशारी आली की श्रेय बदाम घेऊन जातो, काम खजुरानं केलेलं असतं. वेष्टनावर बदामाचं चित्र असलेल्या एनर्जी बारमध्येही काजू-बदामांना बांधून ठेवणारा साखरेचा किंवा खजुराचा पाकच धावताना उपयोगी पडतो. पीनट बटरचंही तसंच. पावावर पातळ हात फिरवलात तर ऊर्जा पावाची असते.

मग सकाळी काय खायचं? रोजच्या पाच-सहा किलोमीटरला खरं तर काहीच नाही. धावण्याचा ढोबळ हिशेब असा की दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला, एक कॅलरी. तुमचं वजन साठ किलो धरलं तर सहा किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास. आदल्या दिवशीच्या भात-पोळीतली साखर स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, साधारण तीन-चारशे ग्रॅम, म्हणजे बारा-पंधराशे कॅलरी. रात्रभराच्या उपासात यकृतातला साठा बराच उतरतो, कारण मेंदूला रात्री तोच पुरवठा करतो. पण स्नायूंमधला जवळपास जागच्या जागी असतो. पाऊण तासाच्या धावण्याला तो पुरून उरतो. पाणी पिऊन निघा, बस.

काहींना मात्र रिकाम्या पोटी भिरभिरतं, हातपाय गळाल्यासारखे होतात. तुम्हाला तसं होत असेल तर निघण्याआधी वीस-तीस मिनिटं अर्धं केळं, किंवा दोन खजूर, किंवा चहाबरोबर एक टोस्ट. तेवढं पुरे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या वाचकांनी मात्र उपाशी धावण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. वाटेत साखर उतरलीच तर बदाम तोंडात टाकून उपयोग नाही, त्यांनी साखर चटकन चढत नाही. खिशात ग्लुकोज किंवा साधी साखर ठेवावी.

मैत्रिणीचं ‘उपाशी धावलं की चरबी जळते’ हे त्या एका तासापुरतं खरं आहे. उपाशीपोटी चरबीचा वाटा वाढतो. पण दिवसभराचं खाणं तेवढंच ठेवलं तर उपाशी व्यायाम करणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं प्रयोगांत काही दिसलेलं नाही. सोसत असेल तर उपाशी धावा, नसेल तर अर्धं केळं खा. यात पाप-पुण्य काही नाही.

आता नाना. हा मला तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग वाटला, आणि तो सुटेलही सगळ्यात सहज.

तुम्ही ज्या बागेत फेऱ्या मारता तिथल्या संग्रहालयात एक दगड आहे. तो बाराशे किलोंचा असून २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानानं उचलला, असं त्यावर कोरलेलं आहे. त्या दगडासमोर उभं राहून कोणी ना कोणी गामाच्या खुराकातल्या बदामांचा आकडा सांगत असतं, आणि दर वेळी तो थोडा वाढलेला असतो. त्या आकड्यांच्या खऱ्याखोट्यात मी पडत नाही. पहिलवानांच्या खुराकात बदाम असतो हे मात्र खरंच आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. तालमीतला दिवस कसा असतो ते आठवा. अंधारात उठायचं, जोर-बैठका काढायच्या, कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरून लढती करायच्या. मेहनत संपली, घाम निथळला, अंग निवलं की मग ठंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून दुधात कालवलेली. त्यानंतर जेवण आणि झोप. पोट भरून कोणी हौदात उतरायला लागला तर वस्ताद त्याला बाहेर बसवेल. आणि ज्या पोरांना तो खुराक पचायचा ती सकाळ-संध्याकाळ तासन् तास घाम गाळणारी असत. पाच-सहा किलोमीटर धावून साडेसातला डबे भरायला घरी येणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा.

म्हणून नानांना नको म्हणूच नका. त्यांना विचारा, “नाना, तुम्ही जुम्मादादांच्या आखाड्यात जायचात तेव्हा सकाळी उठल्या उठल्या खायचात का? दूध-बदाम कधी असायचं? मल्लखांबावर भरल्या पोटानं चढून कसं चालायचं?” आणि मग त्यांना बोलू द्या. प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या आखाड्यात अंगाला माती लावलेला माणूस व्यायामाआधी पोट हलकं ठेवायचा नियम तुम्हाला स्वतःच सांगेल अशी मला बरीच खात्री आहे. तेवढं झालं की पुढचं वाक्य सोपं: “मग माझी वाटीही धावून आल्यावरच द्या ना. तेव्हा आपण दोघं बसून खाऊ.” बदाम तेच, भिजत घालणारे हातही तेच, वेळ फक्त दीड-दोन तासांनी पुढे. त्यांनी तुमच्यासाठी केलेलं काही वाया जात नाही. आणि ‘दोघं’ हे मी मुद्दाम लिहिलंय. सुनेसाठी वीस बदाम सोलणारे सासरे स्वतः किती खातात याची चौकशी घरात सहसा कोणी करत नाही. दातांना जड जात असतील तर त्यांच्यासाठी कूट करून दुधात घाला.

नाही पटलं तर? मग पहाटे त्यांच्या समाधानासाठी दोन बदाम तोंडात टाका, नीट चावून. दोन बदामांनी कोणाचं पोट जड होत नाही.

वाटी धावल्यानंतर घेताना मात्र तिच्यावरच भागवू नका. व्यायामानंतर स्नायूंच्या डागडुजीला एका वेळी साधारण वीस ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं मानतात. वीस बदामांत ती पाचच ग्रॅम असतात. सोबत दूध, दही, मोड आलेली कडधान्यं, अंडी चालत असतील तर अंडी, आणि झिजलेली साखर भरून काढायला पोहे, थालीपीठ, उपमा, पोळी काहीतरी हवं. पोह्यांत शेंगदाणे जरा सढळ हातानं घाला. वनस्पतिशास्त्र शेंगदाण्याला कडधान्यांच्या पंगतीत बसवतं. तीस ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तेवढ्याच बदामांपेक्षा थोडी जास्तच, आणि किंमत बदामाच्या पासंगालाही लागत नाही. गुजरातेत राहून दाण्याला कमी लेखणं बरं नव्हे, देशात सगळ्यात जास्त भुईमूग इथेच पिकतो. फक्त भरुचची खारी सिंग घेऊन बसलात तर मुठीवर लक्ष ठेवा. ती संपते कधी ते कळत नाही, आणि नानांना रक्तदाब असेल तर मीठ न लावलेले दाणेच बरे.

रोज किती? तीसेक ग्रॅम, सगळा सुका मेवा मिळून. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सात हजारांवर लोकांवर मोठा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला भूमध्य सागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज एवढाच अक्रोड, बदाम आणि हेझलनट मिळून मेवा दिला होता. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके कमी आढळले. २०१३चा तो अहवाल पद्धतीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८मध्ये पुन्हा तपासून प्रसिद्ध केला, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. म्हणजे नानांचा भर चुकीच्या गोष्टीवर नाही. वीस बदाम आणि दोन अक्रोड यांचं वजन तीस ग्रॅमच्या जरासंच पुढे जातं. तूप तेवढं वाटीतून काढून दुपारच्या पोळीवर न्या. वजन वाढेल म्हणून घाबरायचंही कारण नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना २०१२मध्ये असं दिसलं की अख्ख्या बदामातलं सगळं तेल आपल्याला पचवताच येत नाही, काही पेशींच्या भिंतींआड अडकून तसंच बाहेर पडतं. त्यामुळे प्रत्यक्षात अंगी लागणाऱ्या कॅलरी छापील आकड्यापेक्षा बऱ्याच कमी भरतात.

रविवारचं गणित वेगळं. हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटरच्या थोडं वर, पहिल्यांदा धावणाऱ्याला अडीच-तीन तास सहज लागतात. सरावात सव्वा-दीड तासाच्या पुढे जाल तेव्हा उपाशी निघू नका. शनिवारी रात्री खिचडी किंवा भात नेहमीपेक्षा जरा जास्त. सकाळी निघण्याआधी तासभर एक केळं आणि जॅम लावलेला पाव. वाटेत दर तासाला तीसेक ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघा. म्हणजे पाच लहान खजूर, किंवा पाऊण लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धं लिंबू आणि दोन चिमटी मीठ, घोट घोट. हे सगळं आधी सरावात करून बघायचं. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पोटात घालू नये. धावून आल्यावर तुमची टोळी सेव-उसळीच्या गाडीवर जातच असेल, जाऊ दे. रविवार आहे.

बदाम आधी खाल्लेला चालतो अशाही वेळा असतात. व्यायाम संध्याकाळी सातचा असेल तर चार-साडेचारला मूठभर मेवा उत्तम. तोवर पोट मोकळं होतं आणि सातला भुकेनं जीवही कासावीस होत नाही. दुसरी वेळ पावागडासारख्या चढणीची. कालिकामातेच्या पायऱ्या सावकाश, बसत-उठत, काही तास चढायच्या असतात. तिथे दम बेताचा लागतो आणि वेळ लांबतो, अशा कामाला चरबी चांगली साथ देते. खिशात दाणे, मनुका आणि गुळाची चिक्की ठेवा.

राहिलं साल. भिजवण्यानं बदामाचं पोषण फारसं बदलत नाही. खनिजं अंगी लागू न देणारं फायटिक ॲसिड निघून जातं म्हणतात, पण मेवा भिजवून तपासला तेव्हा ते घटलेलं विशेष आढळलं नाही. भिजलेला बदाम मऊ होतो, नीट चावला जातो, हा खरा फायदा. सालात तंतू आणि पॉलिफिनॉल असतात, तेव्हा सोलायची गरज नाही, पण घशाला खवखवत असेल तर सोलून खाल्ल्यानं मोठं नुकसानही नाही. नानांना सोलण्यात आनंद वाटत असेल तर सोलू द्या. बदाम कडू लागला तर मात्र गिळू नका, थुंकून टाका, कडू बदामात सायनाइड तयार करणारा घटक असतो. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात मेवा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. जुनाट तेलाचा वास आला किंवा दाण्यांवर बुरशीचा काळपट डाग दिसला तर निवडत बसू नका, सगळेच फेकून द्या. मुतखडा होऊन गेला असेल तर बदाम-काजू रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यांत ऑक्झलेट बरंच असतं. आणि मेवा खाऊन धावल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकल्यासारखं झालं, तर ती ॲलर्जी समजून तडक दवाखाना गाठा.